बिनवासाचा कार्बोरेटर

३ जानेवारी

ताप उतरला, सर्दी उतरली, अंगातलं त्राणही सोबत उतरलं. डॉक्टर म्हणाले, इतक्यात गॅरेजात पाऊल टाकायचं नाही, वेळ जात नसेल तर डायरी लिहा. बायकोने लगोलग वही आणून दिली आणि वर बजावलं, "माझ्याबद्दल वाटेल ते लिहू नका."

तर पहिल्याच पानावर लिहून ठेवतो: तिच्या हाताची चव गेली आहे. भाजी खातोय की भिजवलेला पुठ्ठा, काही कळत नाही. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. आधी वाटलं, आजाऱ्यासाठी मुद्दाम अळणी करतेय. पण आज तीही तेच जेवली आणि वर पुन्हा वाढून घेतलं. आता वय झालं आमचं, दुसरं काय.

७ जानेवारी

जावयाच्या आजोबांची गाडी आज ट्रकवर चढवून आली. सहा सिलिंडरची, गोल पाठीची, एका दाराला गंज, पण बाकी बांधा अजून ताठ. बॉनेट उघडलं आणि मला हसूच फुटलं. कुणा दिव्य माणसाने पाण्याच्या पंपाचा कार्बोरेटर तारेने बांधून ठेवला होता. म्हटलं, "जावईबापू, ही गाडी चालवायची आहे की शेताला पाणी द्यायचं आहे?"

तो बिचारा लाजला. साधा मुलगा आहे. त्याच्या आईचा वाढदिवस फेब्रुवारीत आहे. विहीणबाई डोंगरापलीकडे राहतात. सासऱ्यांची ही गाडी त्यांनी शेवटची चालती पाहिली तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. दोघं नवराबायको हीच गाडी चालवत त्यांच्या दारात जाऊन उभी राहणार, असा बेत आहे. म्हणजे माझी लेक पोटातल्या बाळासकट या गाडीतून घाट चढणार. काम चोख व्हायला हवं. उगाच कुठला तरी कार्बोरेटर बसवून भागणार नाही.

लेक गॅरेजच्या दारातच थांबली. पदर नाकाला लावून म्हणाली, "बाबा, कसं बसता हो इथे? मला मळमळतंय." तिला सध्या साबणाचाही वास सहन होत नाही, नवऱ्याच्या शर्टाचाही होत नाही. बायको हसून म्हणाली, "डोहाळे आहेत. होईल कमी."

नाकाची गोष्ट निघालीच आहे तर लिहितो. या धंद्यात मला सगळे 'नाकवाले' म्हणतात. माझ्या वस्तादांनी मला आधी वास घ्यायला शिकवलं, मग हातात पाना दिला. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचं स्वयंपाकघर. हवा आणि पेट्रोल तिथे एकत्र कालवलं जातं. पेट्रोल जास्त पडलं की धुराचा वास कच्चा येतो, कमी पडलं की कोरडा, करपट. लोक मीटर लावतात. मी धुरापाशी वाकतो आणि सांगतो.

११ जानेवारी

डॉक्टरांचं कोण ऐकतो! आज दिवसभर गॅरेजात होतो. लेथवाला आला होता. गेली कित्येक वर्षं त्याच्या लेथवर माझे सुटे भाग घडतात आणि माझ्या बाकावर त्याचा वेळ मोडतो. भंगारबाजारातून त्याने तीन कार्बोरेटर उचलून आणले होते. तिन्ही बाकावर मांडून बसलो.

पहिला दोन तोंडांचा, मोठा, चकचकीत. जावयाला तोच आवडला. त्याला समजावलं की हा मोठ्या इंजिनाचा आहे, आपल्या इंजिनाला एवढा घास गिळवणार नाही. दुसरा एका तोंडाचा, मापात बसणारा, एका जुन्या मालवाहू गाडीचा. दिसायला काळाकुट्ट, पण सगळे भाग जागेवर. तिसरा मात्र गंमतीचा निघाला. त्याच्या पितळी बिल्ल्यावर भलत्याच गाडीचा नंबर. लेथवाला तो बाजूला टाकत होता, मी थांबवलं. बिल्ल्याचे स्क्रू नवे होते, म्हणजे बिल्ला नंतर कुणीतरी चिकटवलेला. मग अंगावरची काजळी घासली आणि ओतकामातला मूळ नंबर वर आला. गळ्याचं माप घेतलं, बोल्टांमधलं अंतर घेतलं. नेमका आपल्याच गाडीचा, त्याच सालातला! चार-पाच हातांतून फिरून, खोटं नाव लावून, भंगारात पडला होता.

मी इतका खूश झालो की बायकोला चहा टाकायला सांगितला. लेथवाला म्हणाला, "ओळखलास ते बरोबर. पण लेक बसणार आहे गाडीत. तो काळा बसव. दिसायला म्हातारा असला तरी त्याची तब्येत धडधाकट आहे."

म्हटलं, बघू.

१५ जानेवारी

सकाळी दूध उतू जाऊन पातेलं करपलं. मी शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होतो. बायको अंगणातून धावत आली. धूर पार दारापर्यंत आला म्हणे. "अहो, घरात असून कळलं नाही?" मी म्हटलं, पेपरात डोकं होतं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. नंतर दिवसभर गप्प होती. पातेल्यापायी एवढं मनाला लावून घ्यायचं कारण काय, कळत नाही.

१९ जानेवारी

तिसरा कार्बोरेटर पूर्ण उघडून धुतला. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं, साफ केली, सुई नवी घातली, पॅकिंग नवी कापली. राहिला फ्लोट. फ्लोट म्हणजे पेट्रोलच्या वाटीत तरंगणारी पितळेची पोकळ डबी. वाटी भरली की ती वर येते आणि सुई पेट्रोल बंद करते. या डबीला केसाएवढी चीर असली तरी आत पेट्रोल शिरतं, ती जड होते, बुडते, आणि मग पेट्रोल थांबत नाही. वाटीतून ओसंडून खाली पडतं. खाली धुराची लाल तापलेली नळी. म्हणून फ्लोटच्या बाबतीत मी कुणावर विश्वास ठेवत नाही.

कानाशी धरून हलवला, आत काही हललं नाही. नाकाशी धरला, काही नाही. आत एक थेंब जरी कधी शिरलेला असला तरी सांध्यातून वास येतोच. याला तो औषधालाही नव्हता.

लेथवाला म्हणाला, "गरम पाण्यात बुडवून बघ. चीर असेल तर बुडबुडे येतील." म्हटलं, "ते ज्यांना नाक नाही त्यांच्यासाठी." त्याने हात जोडले. "बरं बाबा, तुझं नाक आणि तू."

२४ जानेवारी

आधी काळा, मालवाहू गाडीचा कार्बोरेटर लावून बघितला. इंजिन लागलं. मागे जाऊन धुरात नाक खुपसलं. वास जवळजवळ नाहीच. पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलं नाही म्हणा. टोमॅटो घ्या, साबण घ्या, परवा लेकीने आणलेली फुलं घ्या, कशाकशाला म्हणून वास नाही. सगळं दिसायला छान आणि आत पोकळ. बायकोला म्हटलं, फुलं कागदाची आहेत का? ती म्हणाली, "सर्दी गेली का हो तुमची नीट?" सर्दी केव्हाच गेली. नाक कसं मोकळं आहे!

२८ जानेवारी

आज तिसरा लावला. काय सांगू! इंजिन एका हाकेत लागलं. धुरापाशी वाकलो, बॉनेटखाली वाकलो, कार्बोरेटरच्या अगदी तोंडाशी नाक नेलं. वास नाही. काही म्हणजे काहीच नाही. एवढ्या वर्षांत असा स्वच्छ चालणारा कार्बोरेटर माझ्या हातून गेला नाही. डोळ्यांत पाणी आलं, आणि थोडी चुरचुरही झाली.

जावई शेजारी उभा होता. म्हणाला, "बाबा, थोडा पेट्रोलचा वास येतोय ना?"

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो लगेच म्हणाला, "नाही, तुम्हाला येत नाहीये म्हणजे नसणारच." शहाणा मुलगा. सिगारेट ओढायचा, लग्नानंतर सोडली म्हणतो. ओढणाऱ्याच्या नाकाचा काय भरवसा?

बायकोने मात्र स्वयंपाकघराची खिडकी आपटून बंद केली. दोरीवरच्या चादरीवर काळे ठिपके पडले म्हणे. जुनं इंजिन पहिल्यांदा चालतं तेव्हा थोडी काजळी टाकतंच.

९ फेब्रुवारी

लेकीला गाडीतून फिरवून आणलं. गाडी कोपऱ्यापर्यंत जाते न जाते तोच तिने थांबवायला लावलं आणि दार उघडून उलटी केली. "बाबा, आत पेट्रोल भरलंय. डोकं गरगरतंय."

मी म्हटलं, "परवा तुला माझ्या टोपीचाही वास येत होता."

"टोपीचा येतच होता. पण हा वेगळा आहे."

जावई म्हणाला, "अगं, बाबांनी स्वतः बघितलंय." तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाठ फिरवून घरापर्यंत चालत आली. गरोदर बाईपुढे काय बोलायचं! तरी घरी येऊन मी बॉनेट उघडून पुन्हा सगळं हुंगलं. स्वच्छ. धुराच्या नळीवर तपकिरी ओघळ दिसला, तो जुन्या रंगाचा असावा.

रात्री बायको म्हणाली, "दुसऱ्या कुणाला एकदा दाखवा ना." माझ्या नाकाला मिरची झोंबली. एवढी वर्षं दुसरे मला दाखवायला आणतात, आणि आता मी कुणाला दाखवू? ती पुढे काही बोलली नाही. बोलायचं होतं तिला काहीतरी, ते मला दिसत होतं.

२० फेब्रुवारी

सकाळी निघाले. लेक पुढच्या सीटवर, दोन्ही काचा खाली, नाकाला रुमाल. बायकोने खिडकीतून तिचा हात धरला होता तो लवकर सोडेना. जावई मला म्हणाला, "बाबा, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही." मला फार बरं वाटलं. गाडी वळणापर्यंत डौलात गेली.

गाडी उभी होती तिथे फरशीवर ओलं दिसलं. पाणी सांडलं असेल. वर माती टाकली. आज दिवस कसा जाणार कोण जाणे, उगाच हुरहूर लागली आहे.

२१ फेब्रुवारी

गाडी जळाली.

लेक वाचली. बाळ वाचलं. घाटात चढावर तिला सहन होईना, तिने गाडी थांबवायला लावली आणि उतरून दूर कठड्यापाशी जाऊन बसली. जावयाने इंजिन चालूच ठेवून बॉनेट उघडलं. तेवढ्यात भडका उडाला. चेहरा, गळा, छाती, दोन्ही हात. लेकीने सगळं डोळ्यांनी पाहिलं. मागून येणाऱ्या गाडीतल्या लोकांनी त्याला ओढलं.

पुढे लिहवत नाही.

२३ फेब्रुवारी

इस्पितळात तपास अधिकारी आला होता. म्हणाला, जुन्या गाड्यांमधले जाणकार म्हणून तुमचं मत हवंय. मी सांगितलं, कार्बोरेटर मी स्वतः निवडला, स्वतः उघडला, स्वतः तपासला. गळती असती तर मला वास आला असता. मुलगा सिगारेट ओढायचा. बॉनेटपाशी उभं राहून पेटवली असणार. त्याने लिहून घेतलं, मी सही केली.

विहीणबाई तिथेच बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या मुलाने सोडली आहे सिगारेट." आवाज चढवला नाही त्यांनी. लेक उठून माझ्यापासून लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली. मी काय खोटं बोललो? मला जे माहीत आहे तेच सांगितलं.

२६ फेब्रुवारी

लेक माझ्याशी बोलत नाही. आईशी बोलते, भिंतीशी बोलेल, माझ्याशी नाही. जावयाच्या घशाला सूज आहे, त्यालाही बोलता येत नाही. जखमांमध्ये जंतू शिरलेत असं डॉक्टर म्हणाले.

वॉर्डात एका वेळी एकालाच सोडतात. गाऊन घालायचा, मास्क लावायचा. दारातली सिस्टर प्रत्येकाच्या मास्कवर बाटलीतून दोन थेंब टाकते. विहीणबाई आत गेल्या आणि लगेच तोंड दाबून बाहेर आल्या, भिंतीला धरून रडल्या. स्वतःच्या लेकराजवळ बसवत नाही म्हणून रडत होत्या. माझ्या लेकीला तर दारापलीकडे जाताच येत नाही. तिला दिवस गेलेले.

मग मी बसलो. मला थेंब नको म्हटलं, मास्क ओला झालेला आवडत नाही. वॉर्ड चांगला स्वच्छ वाटला. पांढऱ्या पट्ट्यांमधून त्याचे फक्त डोळे दिसत होते. मी त्याच्या उशाशी संध्याकाळपर्यंत बसून होतो. मनात राग होता सिगारेटचा, पण त्याचे डोळे बघून तो टिकेना.

१ मार्च

रोज मीच बसतो. दुसरं कुणी फार वेळ टिकत नाही. आज त्याला थोडं बोलता आलं, म्हणजे नुसती कुजबुज. मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

"बाबा... तुम्ही एकटेच जवळ बसता."

म्हटलं, मग, मी नाही बसणार तर कोण?

"आईलासुद्धा जमत नाही. मला कळतं... मला स्वतःलाच माझा वास सहन होत नाही." थोडा थांबून म्हणाला, "सिगारेट नव्हती, बाबा. घाटात वास येत होता. खूप. पण तुम्ही नाही म्हणाला होतात. म्हणून थांबलो नाही आधी."

बाहेर आलो. सिस्टर म्हणाली, "काका, कमाल आहे तुमची. थेंब न घेता बसता. आम्हालासुद्धा इतकी वर्षं काढून हा वास सहन होत नाही."

मी विचारलं, "कसला वास?"

ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग तिने बाटलीचं बूच काढून माझ्यापुढे धरली. "निलगिरी आहे. घ्या बरं." मी खोल श्वास घेतला. नाकात गार लागलं. बाकी काही नाही. मी म्हटलं, पाणी मिसळलंय का यात? ती म्हणाली, "आत्ताच फोडलीय."

घरी आलो तो सरळ गॅरेजात. पेट्रोलच्या डब्याचं झाकण काढलं, फडकं भिजवलं, नाकावर दाबून धरलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. चुरचुरलं, झोंबलं. वास नाही. जिऱ्याचा डबा उघडला, साबण घेतला, जळलेलं ते पातेलं घेतलं. कशालाच नाही.

बायको दारात उभी होती. म्हणाली, "दूध करपलं त्या दिवशीच मला शंका आली होती. म्हटलं सर्दीचं असेल, जाईल. आणि तुम्हाला कोण सांगणार हो, तुमच्या नाकाबद्दल?" ती खाली बसून रडायला लागली. मी तिला उठवायलाही गेलो नाही. जावई म्हणाला वास येतोय, लेक म्हणाली, बायको म्हणाली, लेथवाल्याने गरम पाणी सांगितलं. चारचौघं ओरडत होते आणि मी माझ्या मेलेल्या नाकाचं ऐकत बसलो.

२ मार्च

सकाळी तपास अधिकाऱ्याकडे जाऊन सगळं खरं सांगितलं. त्याने पुन्हा लिहून घेतलं. विहीणबाईंना सांगितलं. लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "मला नका सांगू. त्याला सांगा." एवढ्या दिवसांनी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

वॉर्डात गेलो. मला बघून त्याचे डोळे निवले. पट्टीत गुंडाळलेला हात त्याने थोडा माझ्याकडे सरकवला. ते बघून वाटलं, आज नको, उद्या सांगू. पण मग मी कधीच सांगितलं नसतं.

त्याच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. तापापासून सुरुवात केली. फ्लोटचं सांगितलं, गरम पाण्याचं सांगितलं, सिगारेटची जबानी सांगितली, ती बदलली तेही सांगितलं. तो छताकडे बघत ऐकत होता. मला वाटलं, चिडेल, ओरडायचा प्रयत्न करेल. तसं काही झालं नाही. मग त्याचे ओठ हलले.

"म्हणजे आत्ता... तुम्हाला माझा वास येत नाहीये?"

म्हटलं, "नाही रे बाळा."

त्याने मान भिंतीकडे वळवली. दुखत असणार, तरी वळवली. मी तिथेच बसून राहिलो. भेटीची वेळ संपल्यावर सिस्टर आली आणि मी उठलो.